ओझ्याची मोजदाद

मनाच्या आजाराने घरातले एक माणूस खचले आणि त्यापायी पैशाची ओढाताण होऊन त्या घरातले एखादे लग्न, एखादा प्रवास किंवा एखादे धर्मकृत्य पुढे ढकलावे लागले काय, असा एक प्रश्न बंगळूरच्या शैला पै आणि आर. एल. कपूर या दोन संशोधकांनी आपल्या मुलाखतीच्या तक्त्यात घातला, आणि तो तक्ता १९८१ साली इंग्लंडातील मानसोपचारशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात छापून आला. एखाद्या वडीलधाऱ्या आप्ताने ओसरीवर बसून, आवाज जरा खाली आणून विचारावा तसा हा प्रश्न आहे. परंतु वैद्यकाच्या दफ्तरात त्याला जागा मिळणे ही साधी गोष्ट नव्हती. त्या दफ्तरात रोग्याचे नाव असते, वय असते, लक्षणांची नोंद असते, गोळ्यांची मात्रा आणि पुढच्या भेटीची तारीख असते. पण भावाच्या आजारपणात जिचे लग्न दोनदा जमून मोडले ती बहीण, नोकरीची वेळ बदलून घेता घेता जिची नोकरीच सुटली ती पत्नी, किंवा मुलाच्या खोलीच्या दाराशी अंथरूण टाकून झोपणारी म्हातारी आई, यांपैकी कोणीच त्यात सापडत नाही. रोग एकाला होतो आणि त्याचा भार घर वाहते, हे सर्वांना ठाऊक असलेले सत्य प्रश्नांच्या आणि अंकांच्या भाषेत कसे उतरवायचे, याचा शोध गेली साठ वर्षे चालू आहे. त्या शोधाची हकिगत सामान्य वाचकापर्यंत फारशी पोहोचलेली नाही. ती सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू.

आधी आजाराविषयी थोडे. स्किझोफ्रेनिया हा शब्द स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर याने १९०८ साली योजिला. मराठीत त्याला छिन्नमनस्कता असा प्रतिशब्द रूढ आहे. एका देहात दोन माणसे नांदतात, अशी जी समजूत या नावाभोवती पसरली आहे तिला आधार नाही. विचार, भावना आणि कृती यांची एरवी आपोआप बसलेली जोडणी या आजारात निखळते. कोणी बोलत नसताना आवाज ऐकू येतात, शेजारी आपल्या वाईटावर आहेत अशी खात्री पटते, जेवणात काही कालवले आहे असा संशय बळावतो. ही लक्षणे भयंकर असली तरी औषधांनी ती पुष्कळदा आटोक्यात येतात. त्यांच्यामागून येणारी दुसरी लक्षणे आवाज न करता घरात मुक्काम ठोकतात: बोलणे आटते, आंघोळ टळते, मित्र सुटतात, सकाळी उठून काही करावे ही इच्छाच मावळते. हे दुखणे बहुधा ऐन उमेदीत, म्हणजे विशीच्या आगेमागे ते तिशीपर्यंत गाठते. त्यामुळे ज्या मुलाने घर सावरायचे तोच घराने सावरण्याचा विषय होतो, आणि साठी ओलांडलेल्या आईबापांना पुन्हा एकदा लहान मुलाचे करावे तसे करणे प्राप्त होते. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ साली देशातील बारा राज्यांत पाहणी केली. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. परंतु तिच्यातून जे दिसले ते आपल्यालाही लागू पडण्याजोगे आहे. या जातीच्या तीव्र मनोविकारांनी आयुष्यात केव्हातरी ग्रासलेल्या प्रौढांचे प्रमाण शेकडा १.४ च्या घरात आढळले, आणि ज्यांना उपचारांची गरज होती त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक उपचारांच्या बाहेर होते. उपचारांच्या बाहेर म्हणजे कोठे, असे विचारले तर उत्तर एकच आहे: घरात.

या घराकडे शास्त्राची दृष्टी प्रारंभी सहानुभूतीची नव्हती, हेही सांगितले पाहिजे. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइखमन या विदुषीने अशी उपपत्ती मांडली की, थंड आणि तरीही मुलावर अधिकार गाजवणारी आई हीच या आजाराचे बीज पेरते. पुढे कित्येक वर्षे पाश्चात्त्य देशांत या कल्पनेचा अंमल होता आणि मुलाच्या दुःखाने आधीच पिळवटलेल्या असंख्य मातांना वैद्याच्या खोलीत आरोपी होऊन बसावे लागले. संशोधनाने ती उपपत्ती कालांतराने निराधार ठरवली. आनुवंशिकता, मेंदूची घडण आणि त्यातील रसायनांचे व्यवहार यांचा या आजारातील वाटा स्पष्ट होत गेला, तसतशी आई आरोपीच्या पिंजऱ्यातून उतरून साक्षीदाराच्या जागी आली. तू काय केलेस, हे विचारण्याचे थांबून तुझे काय झाले, हे विचारले जाऊ लागले. भार मोजण्याच्या शास्त्राचा जन्म दृष्टीच्या या पालटातून झाला.

त्याला तात्कालिक निमित्तही घडले. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझीन या औषधाचा मनोरुग्णांवर उपयोग सुरू झाला, आणि पुढच्या काही वर्षांत इंग्लंड-अमेरिकेतील अवाढव्य मनोरुग्णालये हळूहळू रिकामी होऊ लागली. रोगी घरी पाठवावा, समाजात राहू द्यावा, हे धोरण मानवतेचे होते. पण ज्या घरी तो परतला त्या घराची अनुमती, ऐपत आणि प्रकृती कोणी तपासली नव्हती. ती तपासावी म्हणून ग्रॅड आणि सेन्सबरी यांनी इंग्लंडातील चिचेस्टर येथील कुटुंबांचा अभ्यास १९६३ साली प्रसिद्ध केला, आणि १९६६ साली होएनिग व हॅमिल्टन या दोघांनी या विषयातला सर्वांत उपयुक्त भेद करून ठेवला. भार दोन प्रकारचा असतो, असे त्यांनी म्हटले. उत्पन्न बुडाले, कर्ज झाले, झोप मोडली, पाहुणे येईनासे झाले, हा बाहेरून दाखवता येणारा वस्तुनिष्ठ भार. आणि हे सर्व वाहताना माणसाला ते किती जड वाटते, हा व्यक्तिनिष्ठ भार. या दोहोंचा मेळ नेहमी बसतोच असे नाही, ही त्यांना दिसलेली लक्षणीय गोष्ट होती; घराची घडी पार विसकटलेली असतानाही काही कुटुंबांनी आपल्याला त्रास होत असल्याचे सांगितले नाही.

आपल्याकडे रोगी रुग्णालयातून घरी परतण्याचा प्रश्न त्या अर्थाने उद्भवलाच नाही, कारण बहुसंख्य रोगी घरातून कधी बाहेर पडलेच नव्हते. देशातील आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने १९४६ साली आपला अहवाल सादर केला तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानच्या कोट्यवधी लोकवस्तीला मनोरुग्णालयांतल्या खाटा सुमारे दहा हजार होत्या. महाराष्ट्रात आजही येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी ही चार प्रादेशिक मनोरुग्णालयेच डोळ्यांसमोर येतात. खाटांची ही चणचण ओळखूनच की काय, अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात आवारात तंबू ठोकून रोग्यांच्या नातलगांना रोग्यासोबत राहण्यास बोलावले, आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजानेही कुटुंबासह उपचाराची रीत सुरू केली. आप्त जवळ राहिल्याने रोगी लवकर सावरतो आणि आप्तांची भीती चेपते, हा अनुभव या प्रयोगांनी दिला. भारतीय मानसोपचाराने कुटुंबाला असे फार लवकर हाताशी धरले. पण त्या हाताला किती कळ लागते हे विचारायला आणखी पाव शतक जावे लागले.

पै आणि कपूर यांच्या तक्त्यात एकंदर चोवीस बाबी आहेत आणि त्या सहा सदरांत विभागलेल्या आहेत. प्रत्येक बाबीवर मुलाखत घेणारा घरच्या माणसाशी सविस्तर बोलतो आणि भार मुळीच नसेल तर शून्य, मध्यम असेल तर एक, तीव्र असेल तर दोन असा गुण देतो. पहिले सदर पैशाचे. त्यात रोग्याचे बुडालेले उत्पन्न येते, त्याच्यापायी दुसऱ्या कोणाचे बुडालेले उत्पन्न येते, औषधांचा आणि येण्याजाण्याचा खर्च येतो, कर्ज आणि मोडलेली शिल्लक येते. एवढेच नव्हे, तर देवस्थाने आणि गावठी वैदू यांच्यावर झालेल्या खर्चाचीही विचारपूस होते. आपल्याकडे ज्यांनी देवऋषी, अंगारे, उतारे, दर्गे आणि दत्तस्थाने यांच्या वाऱ्या करून मगच डॉक्टरांचा दरवाजा गाठलेला असतो, त्यांच्या जमाखर्चातली ही सर्वांत मोठी रक्कम असू शकते, आणि लाजेपोटी ती कोणी आपण होऊन सांगत नाही. दुसरे सदर घराच्या दिनक्रमाचे आहे: रोग्याची कामधंद्यातील गैरहजेरी, त्याच्यासाठी कोणाला घरी थांबावे लागते, आणि त्या गडबडीत घरातल्या इतरांची, विशेषतः मुलांची, आबाळ होते काय. तिसऱ्या सदरात विसावा आणि करमणूक यांची विचारणा आहे. सुटी कोठे जाते, ठरलेले बेत मोडतात काय. चौथे सदर माणसांच्या संबंधांचे: घरातले वातावरण, आपसांतील भांडणे, येणेजाणे सोडलेले नातलग आणि शरमेने किंवा भयाने स्वतःला कोंडून घेतलेले कुटुंब. पाचवे सदर इतरांच्या शरीरप्रकृतीवर झालेल्या परिणामांचे आणि सहावे त्यांच्या मनःस्वास्थ्याचे. अखेरीस, सर्व गुण मांडून झाल्यावर, घरच्या माणसाला एकच सरळ प्रश्न विचारायचा असतो की, या आजारामुळे तुम्हाला स्वतःला कितपत सोसावे लागले. फार, थोडे, की मुळीच नाही?

हा अखेरचा प्रश्न दिसायला सोपा आहे आणि उत्तराला सर्वांत अवघड आहे. बाह्यरुग्ण विभागातील अशा एका मुलाखतीचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. बाकाच्या एका टोकाला साठीची बाई बसली आहे. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकच्या आवरणात घडी घालून ठेवलेले आठ-दहा वर्षांचे केसपेपर, पाण्याची बाटली आणि दुपारचा डबा. दुसऱ्या टोकाला तिचा मुलगा शर्टाचे एकच बटण पुन्हा पुन्हा काढतो आहे आणि लावतो आहे. मुलाखत घेणारी मुलगी विचारते, “मावशी, तुम्हाला झोप नीट लागते का?” बाई म्हणते, “आता पुष्कळ बरी आहे त्याची झोप. दोनला उठतो, फेऱ्या मारतो, पण चारला पुन्हा पडतो.” आपण स्वतःच्या झोपेविषयी बोललो हे तिच्या ध्यानातही येत नाही. “काही सोडावं लागलं का याच्यापायी?” “छे, काय सोडायचंय? भजनाला जायची मंगळवारी, तेवढं बंद झालं. त्यालाही झाली आता सात-आठ वर्षं.” “आणि कधी जड जातं का हे सगळं?” बाई क्षणभर मुलाकडे पाहते, पिशवीची दोरी बोटाला गुंडाळते आणि म्हणते, “आईला जड जाऊन कसं चालेल?” तक्त्यावर झोपेपुढे आणि विरंगुळ्यापुढे दोन-दोन गुण पडतात, आणि सोसण्याच्या प्रश्नापुढे ‘मुळीच नाही’ अशी नोंद होते. होएनिग आणि हॅमिल्टन यांना जी विसंगती दिसली होती तीच ही. ही बाई असत्य बोलत नाही; कर्तव्य आणि ओझे यांसाठी तिच्या मनात दोन वेगळ्या जागाच नाहीत, आणि कर्तव्याला ओझे म्हणणे म्हणजे मुलाला नको म्हणणे, अशी तिची पक्की समजूत आहे. म्हणून या क्षेत्रात काम करणाऱ्या शहाण्या माणसाला केवळ उत्तर लिहून चालत नाही; उत्तरापूर्वीचा तो क्षणही वाचावा लागतो.

प्रश्न कोणत्या घरासाठी घडवला आहे, यावरही पुष्कळ अवलंबून असते. अमेरिकेतील स्टीव्हन झारिट यांनी १९८० साली स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी एक प्रश्नावली रचली. तिचा बावीस प्रश्नांचा प्रकार पुढे जगभर सर्व प्रकारच्या आजारांत वापरला गेला. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार असे गुण आणि एकंदर कमाल ८८. तिचे मोल निर्विवाद आहे. परंतु आप्तामुळे तुम्हाला हवे तेवढे खासगीपण मिळत नाही असे वाटते काय, हा तिच्यातला प्रश्न गिरणगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांसह राहणाऱ्या बाईला विचारला, तर ती प्रथम त्याचा अर्थ विचारील आणि मग, ते आजाराच्या आधी तरी कोठे होते, असे म्हणेल. याची देखभाल दुसऱ्या कोणावर सोपवावी असे वाटते काय, हा दुसरा प्रश्नही तसाच; मनात हजारदा आलेला तो विचार तोंडाने मान्य करायला आपल्याकडची आई धजणार नाही. तराजू अचूक असला तरी पारड्यात काय घालायचे ते ज्या त्या बाजारपेठेच्या रीतीवर ठरते.

हे ओळखून चेन्नईच्या ‘स्कार्फ’ या संस्थेने वेगळी वाट धरली. डॉ. शारदा मेनन यांनी १९८४ साली स्थापिलेल्या या स्किझोफ्रेनिया संशोधन प्रतिष्ठानात डॉ. आर. थारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, जागतिक आरोग्य संघटनेच्या दिल्ली येथील प्रादेशिक कार्यालयाच्या साहाय्याने, आधी प्रश्न न लिहिता रुग्णांच्या नातलगांना मोकळेपणी बोलते केले. त्यांच्या बोलण्यातून वारंवार डोकावणाऱ्या काळज्या वेचून त्यांतून चाळीस प्रश्नांची प्रश्नावली तयार केली आणि १९९८ साली ती प्रसिद्ध केली. प्रत्येक प्रश्नाला मुळीच नाही, काही अंशी आणि फार, अशी तीनच उत्तरे. म्हणून गुण चाळीसपासून एकशे वीसपर्यंत. तिच्या नऊ विभागांत जोडीदाराविषयीचे प्रश्न स्वतंत्र आहेत, बाहेरचा आधार मिळतो की नाही याची विचारणा आहे, सगळी जबाबदारी एकट्याच्या अंगावर पडल्याची भावना आहे आणि इतर नात्यांवर झालेला परिणामही आहे. या प्रश्नावलीचा भर व्यक्तिनिष्ठ भारावर, म्हणजे माणसाला काय वाटते यावर आहे, आणि ती माणसांच्याच बोलण्यातून जन्मल्यामुळे तिला उत्तर देताना अडखळायला होत नाही. याच संस्थेच्या दुसऱ्या एका अभ्यासाने स्किझोफ्रेनिया झाल्यामुळे संसार मोडलेल्या स्त्रियांची स्थिती पुढे आणली. नवऱ्याला हा आजार झाला तर पत्नीने त्याला सांभाळावे आणि पत्नीला झाला तर तिला माहेरी पोहोचवावे, हा व्यवहार चेन्नईपुरता नाही, हे मराठी वाचकाला सांगायला नको. आणि माहेरी परतलेल्या त्या मुलीचा भार वाहतात ते बहुधा थकलेले आईबापच.

कोणी विचारील की, माणसाला ओझे म्हणणे हेच अनुचित नव्हे काय? हा आक्षेप मनापासूनचा आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. ओझे रोगाचे असते, रोग्याचे नसते. तो स्वतःही ते वाहत असतोच, आणि सर्वांपेक्षा अधिक वाहत असतो. शिवाय देखभालीच्या नात्यात देणे एकाच बाजूचे नसते. जो मुलगा आठ-आठ दिवस घराबाहेर पडत नाही तोच एखाद्या सकाळी न सांगता दूध घेऊन येतो आणि आईच्या पायाला तेल चोळतो, हे त्या घराच्या जमेच्या बाजूला लिहिले गेले पाहिजे. जॉर्ज श्मुकलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली सहासष्ट प्रश्नांची जी प्रश्नावली तयार केली तिच्यात ‘भार’ हा शब्द टाळून ‘देखभालीचा अनुभव’ असे म्हटले गेले, आणि आठ कष्टदायक बाजूंसोबत दोन समाधानाच्या बाजूही मोजल्या गेल्या, त्या याच न्यायबुद्धीने.

अंकांच्या मर्यादाही ध्यानात ठेवल्या पाहिजेत. दोन घरांचे गुण सारखे आले म्हणून त्यांचे दुःख सारखे ठरत नाही. सगळ्या घराच्या वतीने एकच माणूस उत्तरे देतो आणि बाकीच्यांचे मौन हिशेबात धरले जात नाही. ज्या घरात बोलायची सवय आहे तेथला आकडा फुगतो आणि सोसण्याची सवय आहे तेथला आकसतो. त्यामुळे या मोजदादीचा खरा उपयोग एका घराची दुसऱ्याशी तुलना करण्यात नाही; त्याच घराला सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा तेच प्रश्न विचारून, मधल्या काळात आपण जे केले त्याने काही हलके झाले काय, हे पाहण्यात आहे.

आणि हलके होते, याला पुरावा आहे. पै आणि कपूर यांनी आपला तक्ता नुसता छापून ठेवला नाही. स्किझोफ्रेनियाच्या काही रोग्यांना रुग्णालयात दाखल करून आणि काहींना घरीच ठेवून, प्रशिक्षित परिचारिकेच्या नियमित गृहभेटींनी त्यांनी उपचार करून पाहिले. घरी उपचार झालेल्यांची प्रकृती अधिक सुधारली आणि त्यांच्या कुटुंबांचा भारही अधिक उतरला, असे त्यांना १९८० च्या दशकाच्या आरंभीच दिसून आले. एक परिचारिका ठरल्या दिवशी दारात येते, गोळ्या मोजते, आईचे ऐकून घेते आणि पुन्हा केव्हा येणार ते सांगून जाते. एवढ्याने जे साधले ते साधायला मोठी इमारत लागली नाही. पुढे तमिळनाडू, गोवा आणि आपल्या सातारा जिल्ह्यात २८२ रुग्णांना घेऊन झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. वैद्यकाची पदवी नसलेल्या, पण या कामाचे शिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी घरी जाऊन दिलेली साथ नेहमीच्या उपचारांना जोडली, तर लक्षणे आणि अकार्यक्षमता यांत मर्यादित परंतु निश्चित सुधारणा होते, आणि तमिळनाडूच्या ग्रामीण भागात ती विशेष होते, असे त्यातून दिसले.

याहून महत्त्वाचा एक दुवा आहे आणि तो भार मोजण्याला दयाबुद्धीच्या प्रांतातून उचलून थेट उपचारांच्या प्रांतात आणतो. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, रुग्णालयातून घरी गेलेला रोगी ज्या घरात सतत टीका आणि राग ऐकतो, किंवा ज्या घरात काळजीपोटी त्याला क्षणभरही मोकळे सोडले जात नाही, तेथे त्याचा आजार उलटण्याचा संभव वाढतो. चंदीगडच्या कुटुंबांची अशीच पाहणी झाली, तिचे निष्कर्ष १९८७ साली प्रसिद्ध झाले, आणि तेथील घरांत अशा टीकेचे व वैरभावाचे प्रमाण लंडनच्या मानाने बरेच कमी आढळले. आपल्या घरांची ही पुण्याई आहे, पण ती अक्षय्य नाही. चुलत-मावस माणसांनी भरलेले घर विभक्त झाले, अंगणाची सदनिका झाली आणि सहा जणांचे ओझे एकीच्या माथ्यावर आले की, मूळची मायाळू जीभही कडू होते. थकलेले माणूस टाकून बोलते, त्या बोलण्याने रोगी खचतो, आणि तो खचला की थकवा दुणावतो. हे चक्र जेथून सहज तोडता येते ती जागा म्हणजे काळजी घेणाऱ्याचा थकवा. म्हणून त्याची नोंद ठेवणे हा रोग्याच्याच उपचाराचा भाग मानला पाहिजे.

आपल्या कायद्याने काय केले आहे? २०१६ च्या अपंगत्वविषयक कायद्याने मानसिक आजाराला एकवीस प्रकारांत स्थान दिले. रोग्याची अकार्यक्षमता मोजण्यासाठी ठरलेले मापन आहे, आणि ती चाळीस टक्के किंवा अधिक भरली म्हणजे दाखला मिळून सवलतींचा मार्ग मोकळा होतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने कुटुंबाला आधार देणाऱ्या आणि घरच्या घरी पुनर्वसन करणाऱ्या सेवांची तजवीज करण्याची जबाबदारी शासनावर टाकली. हे सारे स्तुत्य आहे. परंतु रोग्याची अक्षमता मोजायला जसा शासनाचा शिक्का आहे तसा, त्याला सांभाळणाऱ्याला काय सोसावे लागते हे मोजायला नाही. इंग्लंडात १९९५ च्या कायद्यापासून देखभाल करणाऱ्याला स्वतःच्या गरजांची पाहणी मागण्याचा हक्क आहे. आपल्याकडे मात्र ही मोजदाद प्रबंधांच्या आणि संशोधन-नियतकालिकांच्या पानांतच राहिली, आणि ज्या आईने चाळीस प्रश्नांची उत्तरे दिली तिला त्या उत्तरांचे पुढे काय झाले हे बहुधा कधी कळत नाही.

महाराष्ट्रात या विषयाला वाचा फोडणाऱ्यांत मूळचे धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. ते कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते आणि त्यांच्या पत्नीला हाच आजार होता. अंकांचा हिशेब आणि घरातला भार या दोहोंची त्यांना सारखीच ओळख होती. १९९७ साली त्यांनी पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ची स्थापना केली, आणि रुग्णांचे नातलग तेथे एकत्र बसून परस्परांशी बोलू लागले. मराठीतील अशा आधारगटांनी भाषेलाही एक देणगी दिली आहे: रोग्याला ते ‘शुभार्थी’ म्हणतात आणि त्याची काळजी वाहणाऱ्याला ‘शुभंकर’. शब्द बदलला म्हणून रात्री दोनला उठणे टळत नाही; पण ‘वेड्याची आई’ या संबोधनाखाली वीस वर्षे मान खाली घालून जगलेल्या बाईला शुभंकर म्हणून नावाने हाक मारली जाते तेव्हा तिची मान वर येते, हे अशा सभांना जाणाऱ्यांना ठाऊक आहे. मनात दडवलेला प्रश्न तेथे ती प्रथमच उच्चारते, आणि उच्चारल्यावर तिच्या ध्यानात येते की, समोरच्या प्रत्येकाच्या ओठांवर तोच प्रश्न होता: आमच्यामागे याचे कसे होणार?

डोक्यावर हंडा किंवा गवताचा भारा घेणारी बाई आधी कापडाची चुंबळ करून ठेवते. चुंबळीने भाऱ्याचे वजन गुंजभरही कमी होत नाही, पण तो डोक्यात रुतत नाही आणि वाट चालवते. औषधाने जे साधत नाही ते साधणारी अशी चुंबळ शुभंकराला देता येते. आजाराची नीट माहिती, आठवड्यातून एक मोकळी दुपार, दिवसभरासाठी रोग्याला कामात गुंतवणारे केंद्र, आणि तक्रार ऐकून न दचकणारे माणूस, एवढ्याचीच ती बनलेली असते. शासकीय आणि खासगी मनोरुग्णालयांनी रोग्याच्या प्रत्येक केसपेपरावर एक ओळ सोबत आलेल्या माणसासाठी राखून ठेवावी, आणि सहा महिन्यांतून एकदा तरी त्याची झोप, त्याची प्रकृती आणि त्याच्या घराची घडी विचारून ती भरावी, एवढी मागणी मोठी नाही. तिला नव्या इमारतीची गरज नाही आणि नव्या खात्याचीही नाही.

बाकीचे आपल्या हाती आहे. वाचकहो, तुमच्या नात्यात, आळीत, सोसायटीत असे एक घर असेल, जेथे तुम्ही अलीकडे जाईनासे झाला आहात. त्या घरच्यांना कार्याचे आमंत्रण जाते पण तोंडदेखले जाते, आणि ते येत नाहीत याचे कोणाला नवल वाटत नाही. त्या घरी जा. रोग्याची चौकशी सगळेच करतात; तुम्ही त्याच्या आईला, बहिणीला, पत्नीला विचारा की, तुझे कसे आहे, तू केव्हा झोपतेस, तू शेवटची बाहेर केव्हा पडली होतीस; आणि पुढच्या मंगळवारी दोन तास तिच्या मुलापाशी बसून तिला भजनाला धाडा. शासनाची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनीसेवा १४४१६ या क्रमांकावर रोग्यासाठी जशी आहे तशी त्याच्या घरच्यांसाठीही आहे, हेही तिला सांगून ठेवा. डोक्यावर भारा घेतलेल्या माणसाला तो एकट्याने खाली ठेवता येत नाही. वाटेवरच्या कोणीतरी हात लावावा लागतो.